विमानप्रवासाचे तास आणि सोलापूरचा प्रवासी

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत परदेशी जाणाऱ्या वाचकांसाठी एक तक्ता प्रसिद्ध झाला. मुंबईपासून जगातील मोठ्या शहरांचे हवाई अंतर एका रकान्यात आणि प्रवासाचे तास दुसऱ्या रकान्यात, एवढीच त्याची मांडणी होती. न्यूयॉर्कसमोर १२,५३० किलोमीटर आणि १४ तास असे छापले होते. अंतराचा आकडा मी अक्षांश-रेखांशांवरून स्वतः पडताळून पाहिला. तो बरोबर आहे. तास मात्र त्या अंतराला ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून काढलेले दिसतात, कारण लंडनचे ७,२०० किलोमीटर आणि ८ तास, सॅन फ्रान्सिस्कोचे १३,५०० किलोमीटर आणि १५ तास, असा सगळ्या तक्त्याला तोच भागाकार लागू पडतो. मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, म्हणून हे पत्र लिहिणे मला माझे काम वाटते. त्याहून मोठे कारण असे की, अशाच एका तक्त्यापायी गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला त्रास सोसावा लागला.

ताईचे वय एकाहत्तर आहे आणि तिची मुलगी न्यू जर्सीत असते. तिकीट काढून देणाऱ्या एजंटाच्या माहितीपत्रकावर ‘मुंबई-न्यूयॉर्क १४ तास’ असे ठळक अक्षरांत होते. ताईने तो कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला होता. डॉक्टरांनी प्रवास किती तासांचा असे विचारले, तेव्हा तिने तोच कागद पुढे केला. चौदा तासांत एकदाच गोळ्या घ्याव्या लागतील असे धरून सकाळच्या तेवढ्या गोळ्या तिने कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवल्या, आणि गोळ्यांचा सात घरांचा प्लास्टिकचा डबा चादरी आणि शेंगाचटणीच्या पिशव्यांबरोबर मोठ्या बॅगेत गेला. तिचे तिकीट स्वस्तातले, म्हणजे आखातातल्या एका शहरात विमान बदलण्याचे होते. सव्वातीन तास तिथवर, सहा तास तिथे बसून, आणि पुढे चौदा तास. मुंबईच्या विमानतळावर बॅग हातातून गेल्यापासून मुलीच्या घरी ती उघडेपर्यंत एकोणतीस तास लोटले. रक्तदाबाची संध्याकाळची गोळी चुकली. भाचीने बूट काढायच्या आधीच यंत्र लावले, तर दाब चांगलाच चढलेला होता. पुढे सगळे ठीक झाले, परंतु ती रात्र भाचीने जागून काढली.

आम्ही घरातली चार शिकलेली माणसे होतो, तरी हे आधी कोणाच्याच का लक्षात आले नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तिकीट काढून पाहिले आणि उत्तर सापडले. मुंबईहून सुटण्याची वेळ मंगळवार, पहाटे १.३० अशी होती आणि न्यूयॉर्कला पोहोचण्याची वेळ मंगळवार, दुपारी २.१५ अशी होती. वजाबाकी केली की पावणेतेरा तास येतात आणि माहितीपत्रकावरचे चौदा तास खरेच वाटू लागतात. पण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. पावणेतेरात साडेदहा मिळवले म्हणजे सव्वातेवीस तास होतात, आणि प्रवास नेमका तेवढाच झाला. दोन चुकीचे आकडे एकमेकांना दुजोरा देत होते, आणि म्हणूनच शंका कोणाला आली नाही.

आता अंतराकडे वळतो, कारण वाचकांचा पहिला गोंधळ तिथूनच सुरू होतो. सोलापूर ते मुंबई किती अंतर आहे, असे विचारले तर रेल्वेचा माणूस ४५५ किलोमीटर म्हणेल, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे असे वळण घेत जाते. मोटारीने जाणारा ४०० च्या आसपास सांगेल. नकाशावर होटगी रोडच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ मोजले, तर ते जेमतेम ३६० भरते. तिघेही खरेच बोलत असतात. आपल्या तक्त्यातले १२,५३० किलोमीटर हे यातल्या तिसऱ्या प्रकारचे अंतर आहे, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत जवळची वाट. आणि विमान त्या वाटेने तंतोतंत कधीच जात नाही.

ही जवळची वाट कशी दिसते, हे मी वर्गात दोऱ्याने दाखवीत असे. शाळेत एक जुना पृथ्वीगोल होता, प्रशांत महासागराच्या बाजूने थोडा चेपलेला. चादरीच्या काठाचा सुती दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरायला मी मुलांना सांगत असे. मग दोरा ताणायचा. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहिलेल्या मुलांची अपेक्षा असे की दोरा अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिक असा पश्चिमेकडे जाईल. ताणलेला दोरा मात्र आपोआप उत्तरेकडे सरके. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, मग सेंट पीटर्सबर्गच्या जवळून नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडा, असा तो जाई. त्याचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू ६५ अंश अक्षांशाच्या आसपास, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडाच खाली येतो. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेल्या सरळ रेषेची लांबी हिशेब केल्यास १४,२०० किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे डोळ्यांना सरळ दिसणारी वाट सोळाशे-सतराशे किलोमीटरांनी लांबची आहे. १५६९ साली मर्केटरने जो नकाशा काढला, तो समुद्रातल्या जहाजांना दिशा सांगण्यासाठी होता आणि त्या कामात तो आजही उत्तम आहे. त्यावरून अंतर मोजायला जाऊ नये, इतकेच.

आता त्या दोऱ्याखाली येणाऱ्या देशांची नावे पुन्हा वाचावीत. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेवली होती. पुन्हा २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती बंद झाली आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढवली गेली. याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीच्या विमानांना बसला. मुंबईची विमाने अरबी समुद्रावरून बाहेर पडू शकतात, पण त्यांचीही वाट वाकडी होते. रशियाची हद्द २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपनीला ती खुली आहे. म्हणजे तीच दोन शहरे, तोच दिवस, तरी कंपनी बदलली की वाट बदलते आणि वाट बदलली की तासही बदलतात. छापलेले १२,५३० किलोमीटर मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते भूगोलाचे आहेत आणि उड्डाणाचा मार्ग राजकारणाचा आहे.

या अंतराच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. वैमानिक आणि विमान कंपन्या सागरी मैल वापरतात, अमेरिकी लोक जमिनीवरचा मैल वापरतात आणि आपण किलोमीटर. सागरी मैल १,८५२ मीटरचा, तर जमिनीवरचा सुमारे १,६०९ मीटरचा असतो. त्यामुळे मुंबई-न्यूयॉर्क हेच अंतर कुठे ६,७६६, कुठे ७,७८६ आणि कुठे १२,५३० असे वाचायला मिळते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हे तीन आकडे तीन वेगवेगळे मार्ग आहेत असे समजून मला फोन केला होता. आपल्या तक्त्याने एकक स्पष्ट छापले, याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो.

तक्त्यातली सर्वांत मोठी उणीव अशी की जाण्याचे आणि येण्याचे तास एकच दाखवले आहेत. ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमानाचा भोवतालच्या हवेच्या तुलनेतला वेग आहे. हवा स्वतः वाहत असेल, तर जमिनीच्या तुलनेतला वेग वेगळा निघतो. चंद्रभागेत नाव प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध वल्हवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे प्रवासी विमाने उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना झोतवारे म्हणतात, बाहेर जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोर धरतात. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी साठ किलोमीटरचाच वारा धरला, तरी जाताना विमानाचा वेग ८४० राहतो आणि १२,५३० किलोमीटर कापायला जवळजवळ पंधरा तास लागतात. येताना वेग ९६० होतो आणि तेच अंतर तेरा तासांत संपते. निव्वळ वाऱ्यामुळे पावणेदोन तासांहून अधिक फरक पडला, आणि त्यात वाकडी वाट अजून धरलेलीच नाही.

या वाऱ्याचा जोर किती असू शकतो, याचा एक दाखला पुरेसा आहे. ९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटिकवर मोठे वादळ असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. त्या प्रवासाला एरवी साडेसहा तास तरी धरतात. दुसरा दाखला आपल्या देशातला असून मला तो अधिक मोलाचा वाटतो. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारे एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पहिल्यांदा उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीच्या वाटेपेक्षा चौदाशे किलोमीटरांनी लांब होती. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि आधीपेक्षा वेळ वाचला, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. अंतर वाढले आणि वेळ घटला, ही गोष्ट अंतराला वेगाने भागणाऱ्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

तक्त्याखालच्या टिपेत असे एक वाक्य आहे की, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरत असल्यामुळे पूर्वेकडे जाणाऱ्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांच्या वेळेत फरक पडू शकतो. हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचले, कारण शाळेत हाच गैरसमज काढण्यात माझी अनेक वर्षे गेली. विमान खाली फिरणाऱ्या पृथ्वीवर अधांतरी लटकलेले नसते. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर जाऊन आदळत नाही, तसेच हे आहे. पृथ्वीच्या फिरण्याचा वाऱ्यांच्या दिशेशी संबंध आहे, हे खरे. पण वेळेतला फरक घडवतो तो वारा. असे वाक्य वृत्तपत्रात छापले गेले की मुले ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि शिक्षकाने गुण कापले तर कात्रण दाखवतात.

वेळापत्रकात छापलेली वेळ कुठून कुठपर्यंतची असते, हेही वाचकांना सांगायला हवे. विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढून ते जागेवरून हलते तिथपासून, उतरल्यावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतची ती वेळ असते. धावपट्टीकडे जाताना रांगेत गेलेली मिनिटे आणि उतरल्यावर दारापर्यंत जाण्याची मिनिटे तिच्यात धरलेली असतात. त्या मोसमातला नेहमीचा वाराही कंपनीने धरलेला असतो. म्हणून भागाकाराचे चौदा तास आणि वेळापत्रकातले पंधरा-सोळा तास यांत तफावत दिसते. विश्वास वेळापत्रकावर ठेवावा.

आता आपल्या सोलापूरविषयी लिहितो. मुंबईकराला विमानतळ गाठायला फार तर दीड-दोन तास लागत असतील. आमचे तसे नाही. ताई रविवारी रात्री साडेनऊला घराला कुलूप लावून निघाली, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोमवारी सकाळी मुंबईला पोहोचली, दिवसभर चुलतभावाच्या घरी थांबली, रात्री विमानतळावर गेली आणि मंगळवारी पहाटे विमानात बसली. न्यूयॉर्कला उतरल्यावर शिक्के, सामान आणि मोटारीचा प्रवास यांत तीन तास गेले. सोलापूरच्या कुलपापासून न्यू जर्सीच्या दारापर्यंत एकूण चौपन्न तास झाले. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत धावते आहे, ती सकाळी सहाच्या सुमारास सोलापुरातून सुटून साडेसहा तासांत मुंबईला नेते. तिने गेली असती तर यातले आठएक तास वाचले असते. २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून आधी गोव्याची आणि मग मुंबईची विमानसेवा सुरू झाली, याचा आम्हाला आनंद आहे. ज्यांची वेळ जुळते त्यांचा तर अख्खा दिवस वाचेल. अनेक जण पुणे-हैदराबाद महामार्गाने थेट हैदराबादचा विमानतळ गाठतात, तोही रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आत आहे. हे तीन पर्याय आणि त्यांचे तास आपल्या सोलापूर आवृत्तीत छापून आले, तर न्यूयॉर्कच्या अंतरापेक्षा त्याचा वाचकांना अधिक उपयोग होईल.

तारखेचा घोळ हा याहूनही महागात पडणारा आहे. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या विमानाची तारीख पुढच्या दिवसाची असते. आपल्याकडे पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो, आणि जुन्या माणसांच्या मनात तोच हिशेब पक्का बसलेला आहे. त्यांच्या दृष्टीने सोमवारच्या रात्रीचा दीड म्हणजे सोमवारच. आमच्या शेजारच्या एका वयस्कर जोडप्याने ‘गुरुवार, ००.५५’ हे विमान गुरुवारी रात्रीचे समजून गुरुवारी सकाळची गाडी पकडली. मुंबईला पोहोचले तेव्हा विमान सुटून बारा तास होऊन गेले होते. नव्या तिकिटासाठी त्यांच्या मुलाने जे पैसे भरले, त्याची खंत त्या मावशी अजून बोलून दाखवतात. प्रत्येक तक्त्याखाली एवढी एक ओळ छापली पाहिजे की, रात्री बारानंतरच्या विमानासाठी आदल्या दिवशी संध्याकाळीच विमानतळावर पोहोचावे.

या सगळ्यावरून माझी आपणास विनंती आहे की, हा तक्ता दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करावा. जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा द्यावा आणि तो चालू वेळापत्रकातून घ्यावा. विमान थेट आहे की मध्ये बदलायचे आहे, याचा उल्लेख करावा. दोन्ही शहरांतल्या घड्याळांचा फरक हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा असा दोन्ही द्यावा, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. न्यूयॉर्कशी आपला फरक त्यामुळे कधी साडेदहा, तर कधी साडेनऊ तासांचा असतो. पृथ्वीच्या फिरण्याचे वाक्य मात्र कृपया काढून टाकावे. हिशेबाची काही मदत लागली, तर मी आनंदाने करीन.

ताई मार्चअखेरीस परत येत आहे. घड्याळे पुढे गेल्यानंतरचा हा प्रवास असल्यामुळे मी भाचीला साडेनऊ तासांचा फरक धरून एक कागद करून पाठवला आहे. त्यावर प्रत्येक टप्प्यासमोर तिथली वेळ, सोलापूरची वेळ आणि गोळीचे नाव लिहिले आहे. गोळ्यांचा डबा या खेपेस पर्समध्ये राहील.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
जुळे सोलापूर, सोलापूर